डोलीची गत

लखनौ, २ नोव्हेंबर १९५८

बानो आपा,

सलाम. आधी खुशखबर सांगू, की आधी माती खाल्ली ते सांगू? खुशखबर आधी सांगतो. तेवढ्यावर तुम्ही हसाल, आणि हसलेल्या माणसाला फार रागावता येत नाही.

माझा चिल्ला पुरा झाला. चाळीस दिवस एका खोलीत मी आणि तबला. ताट दाराबाहेर, बोलणं बंद. एकविसाव्या दिवशी बोटं फुटली, तिसाव्या दिवशी भिंती ठेका धरताहेत असं वाटायला लागलं. एकेचाळिसाव्या दिवशी अब्बांनी दार उघडलं, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "आता याला हात म्हणायचं." आपा, एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली स्तुती. मग चारचौघांत सांगून टाकलं की आठ फेब्रुवारीला आजोबांच्या पुण्यतिथीला, दादामियाँच्या बरसीला, सगळ्या उस्तादांसमोर नफीस वाजवेल आणि पसंत पडलं तर घराण्याची पगडी त्याच दिवशी त्याच्या डोक्यावर. आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता माती. तुमच्या लग्नात अब्बांनी घराण्याच्या अकरा गती, तबल्याच्या ठेवणीतल्या रचना, जहेज म्हणून, हुंड्यात, रामपूरला दिल्या, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दहांचं मला काही वाटलं नव्हतं, पण अकरावी होती दादामियाँची डोलीची गत. दिली म्हणजे दिली. त्या दिवसापासून या घरात ती कुणी वाजवली नाही की गुणगुणली नाही, मग मला शिकवणार कोण? पण दुल्हाभाई, तुमचे मियाँ, ती रेडिओवर वाजवतात. मी कान लावून बसलो आणि तीन कार्यक्रमांत उचलली. अशी काही बसली बोटांत, की मलाच माझा हेवा वाटला.

परवा अब्बा नमाजाला गेलेले बघून मी ती जोरात वाजवत होतो. वर बघतो तो अब्बा दारात. कुठून आणलीस म्हणाले. रेडिओवरून, म्हटलं. ते आत आले, तबल्यावर कापड पसरलं, चारी कोपरे नीट ओढले आणि म्हणाले, "ती मी माझ्या मुलीबरोबर पाठवली. तू बहिणीच्या पेटीत हात घातलास. जिची पेटी तिनं माफ करेपर्यंत या तबल्याला शिवायचं नाही."

ओरडले असते तर परवडलं असतं. आपा, बरसीला तीन महिने उरलेत. माफ करून टाका, आणि उलट टपाली करा.

तुमचा,
नफीस


रामपूर, ११ नोव्हेंबर १९५८

नफीस, चोरा,

दुआ. मी हसले आणि हसून झाल्यावर रागावले, तेव्हा तुझा अंदाज सपशेल चुकला.

मी या घरात आले तेव्हा माझ्या हातात चार बांगड्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूनं, बी अम्मांनी, माझ्या पेट्या उघडल्या आणि शेजारणींच्या देखत म्हणाल्या, "भांडी जरा कमीच दिसतात." तेव्हा झेबाचे अब्बा (तेव्हा झेबा कुठली, पण मी काय त्यांचं नाव घेऊ?) बाहेरून म्हणाले, "अम्मा, तिनं डोलीची गत आणलीय." बी अम्मांनी पेटी बंद केली आणि माझ्या हातावर पानाचा विडा ठेवला. या घरात मी मान वर करून वावरते ती त्या गतीवर. आणि तू ती रेडिओला कान लावून फुकटात नेलीस? माफी इतकी स्वस्त नसते, बाळा.

तुला एक विचारते. तिसऱ्या ओळीत, जिथे डोली उचलणारे कहार खांदा बदलतात, तिथे तू काय करतोस? बोल कागदावर उतरवायचे नाहीत हा घरचा नियम आहे, तेव्हा लिहू नकोस. फक्त एवढंच कळव, तिथे तुझा हात रिकामा असतो की भरलेला? का ते विचारू नकोस.

अम्मीला सांग, लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, पण आगगाडीच्या अर्ध्या डब्याला वास लागला म्हणे.

तुझी,
बानो आपा


लखनौ, २० नोव्हेंबर १९५८

बानो आपा,

भरलेला. दुल्हाभाई तिथे डग्ग्यावर एक हलकी थाप देतात, तीच मी देतो. तिथेच तर मैफलीत "वाहवा" येते. विचारू नकोस म्हणालात म्हणून का ते विचारत नाही, पण डोक्याचा भुगा झालाय.

इथली हालहवाल ऐका. तबल्याला हात लावायचा नाही, म्हणून मी मांडीवर वाजवतो. मांडी काळीनिळी झाली तेव्हा उशीवर आलो. अम्मीनं कणकेची परात माझ्यापासून लपवून ठेवलीय. परवा जेवताना दस्तरखानावर बोटं चालायला लागली तर अब्बांनी नुसतं बघितलं. घास तोंडातच राहिला.

मंगळवारी दुल्हाभाईंचा कार्यक्रम होता. ते लागले की अब्बा टोपी घालून रेडिओसमोर ताठ बसतात, समोर माणूसच बसल्यासारखे. डोलीची गत सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या ओळीला अब्बा पाणी प्यायला उठले. दर वेळी तिथेच उठतात. तुमची आठवण येत असणार. मला तर त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नाही.

आणि आता बसून घ्या. माझा निकाह ठरला. तीस जानेवारी, शुक्रवार. मुलगी बरेलीच्या सारंगीवाल्यांची, नाव सबीहा. अम्मी म्हणते, "तबला सुटला, निदान बायको तरी धर." मुलीचा कान म्हणे इतका तिखट आहे, की भांडं पडलं तर कुठल्या सुरात पडलं ते सांगते. मी घाबरलोय आणि खूशही आहे. पण तबल्याविना नवरदेव होणं म्हणजे घोड्याविना वरात. माफ करा ना, आपा.

नफीस


रामपूर, ६ डिसेंबर १९५८

नफीस,

अब्बा आठवणीनं उठत नाहीत. त्यांना ते ऐकवत नाही.

ती जागा रिकामी आहे. गोमतीच्या घाटावर कहारांना खांदा बदलताना बघून दादामियाँनी ती गत बांधली. खांदा बदलताना एक क्षण असा येतो की डोली कुणाच्याच खांद्यावर नसते. तेवढी अर्धी मात्रा हातानं तबल्याला शिवायचं नाही. गतीचा जीव त्या अर्ध्या मात्रेत आहे, बाकीची कुणीही हुशार पोरगा वाजवेल. मी चुलीपाशी बसून लहानपणापासून ऐकलीय, माझ्या हाडात आहे ती.

मग थाप आली कुठून? ऐक, हे मी सात वर्षांत कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या चार दिवसांत अब्बांनी यांना दहा गती दिल्या. अकरावी देववेना. आज देतो, उद्या देतो करत शेवटी माझी डोली अंगणात आली, मी आत बसले, तरी ती द्यायची राहिलीच होती. मग डोलीला टेकूनच अब्बांनी ती तोंडानं म्हटली आणि हे समोर हात बांधून उभे. तिसऱ्या ओळीत, त्या रिकाम्या जागी, अब्बांचा हुंदका फुटला. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की सुपारीचा ठसका लागला. पण माझ्या नि त्यांच्या मध्ये एक पडदा होता फक्त. आणि हे पडले इमानी शागिर्द. उस्तादाच्या तोंडून पडलं त्यात कणभर फरक करणार नाहीत. लयीत आलं ना, मग तेही घेतलं, आणि त्याची थाप केली.

अब्बा तोंड उघडू शकत नाहीत. दिलेला दागिना सासरी काळा पडला म्हणून बाप काय घासायला येतो? आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? सगळं रामपूर नेमकं त्याच थापेला दाद देतं.

पण आता तूही तीच थाप उचललीस म्हटल्यावर मला राहवेना. ही चूक आता वंशाला लागणार. मी झेबाला झोपाळ्यावर ती गत म्हणायला शिकवली. काल यांनी ऐकलं आणि प्रेमानं म्हणाले, "बेटा, तिथे एक थाप राहिली." पाच वर्षांची पोर ती. म्हणाली, "नाही अब्बा. अम्मी म्हणते तिथे कहार खांदा बदलतात."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी डाळीतले खडे बघायला लागले. ते टोपी घालून बाहेर गेले आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.  दुआ कर.

बानो आपा


लखनौ, २१ डिसेंबर १९५८

आपा,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. टपालवाला मला लांबून बघूनच मान हलवतो. माझ्या एका चोरीपायी तुमच्या घरात आग लागली असेल तर मला नको पगडी. मी गत विसरून जातो, तबला विसरून जातो, पानाचं दुकान काढतो. पण तुम्ही बऱ्या आहात एवढं एका ओळीत तरी कळवा. अम्मीला काही बोललेलो नाही.

नफीस


रामपूर, २९ डिसेंबर १९५८

नफीस,

पानाचं दुकान काढू नकोस, तुला धड चुना लावता येत नाही.

नऊ दिवस हे गप्प होते. जेवले, कार्यक्रमाला गेले, झेबाला खेळवलं, पण मी म्हणजे भिंत. दहाव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आले, टोपी घातली, माझ्यासमोर जमिनीवर गुडघे मोडून बसले आणि म्हणाले, "म्हणा." नफीस, उस्तादासमोर बसतात तसे बसले होते. मी पीठ लागलेल्या हातानं टाळी देत म्हटली. परत म्हणा, म्हणाले. पाच वेळा म्हटली. मग त्यांनी विचारलं की ही थाप मग आली कुठून. तेव्हा मी सांगितलं, "ती थाप नव्हतीच. तुम्ही सात वर्षं माझ्या बापाचं रडणं वाजवताय."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तसेच म्हणाले, "त्या माणसानं सात वर्षं माझी लाज राखली."

तेव्हाच मी मनातलं बोलून टाकलं. नफीसच्या नवरीला मुँहदिखाईत मला ती गत द्यायचीय. घूंघट वर केल्यावर नणंद काहीतरी देतेच, मी हे देईन. अब्बा मुलीला दिलेलं परत घेणार नाहीत, जीव गेला तरी. पण सुनेला मिळालेलं सुनेचं, आणि सून त्यांच्याच घरात राहणार. बरोबर की नाही? पण यांचा चेहरा उतरला. दिलं म्हणजे गेलं, हा नियम त्यांनाही लागू. ज्या गतीवर त्यांचं नाव झालं ती त्यांना पुन्हा वाजवता येणार नाही. मला कळत होतं मी काय मागतेय, आणि मागताना लाजही वाटत होती.

बी अम्मा पलंगावर सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जहेज मुलीचं असतं," त्या म्हणाल्या. "तुझं कधी होतं रे? तू नुसता वापरत होतास. मी माझे झुमके तुझ्या बहिणीला दिले ते काय तुझ्या बापाला विचारून?" हीच बाई, जिला माझी भांडी कमी दिसली होती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तोवर तिनं अडकित्ता पुन्हा उचलला होता.

दोन आठवडे हे विचारात होते, आणि काल सकाळी म्हणाले, "द्या. पण आधी मला एकदा ती खरी वाजवू दे." दार लावून घेतलं. आत मी, झेबा आणि बी अम्मा. तिसऱ्या ओळीत त्यांचा हात वरच्या वर थांबला, आणि मला शप्पथ वाटलं की मी पुन्हा त्या डोलीत बसलेय आणि खाली कुणीच नाही. मग त्यांनी आपल्याच हातानं तबल्यावर कापड पसरलं. मी रडले, यात लपवण्यासारखं काय आहे.

तर जा, माफ केलं. अब्बांना फक्त ही एक ओळ दाखव आणि बाकीचं पत्र फाडून टाक. मुँहदिखाईचं कुणाला बोलायचं नाही. आणि ती थाप बोटांतून धुऊन काढ.

बानो आपा


रामपूर, ३ फेब्रुवारी १९५९

नफीस,

झेबाचा गोवर उतरतोय. बी अम्मांच्या भरवशावर ठेवून आले होते, आणि तार आली म्हणून निकाहाच्या तिसऱ्या दिवशी पळावं लागलं. माझा जीव तिथेच राहिलाय. हे थांबलेत बरसीला, पण पत्र लिहायला सांगितलं की यांची बोटं दुखतात. तेव्हा तू लिही, सगळं, कोण कुठे बसलं होतं तेही.

तू बाहेर पुरुषांत होतास म्हणून तुला सांगते. मी सबीहाचा घूंघट वर केला. सगळ्या बायका वाकून बघताहेत, हिच्या हातात काय पडतं. मी रिकामा हात तिच्या हातावर ठेवला आणि गत म्हणायला सुरुवात केली. खाला कुजबुजली, "वेड लागलं का हिला." चिकाच्या, बांबूच्या पडद्याच्या, पलीकडे अब्बा हुक्का ओढत होते. पहिल्या ओळीला गुडगुड थांबली. तिसऱ्या ओळीत मी थांबले, आणि नफीस, तुझी नवरीही श्वास रोखून थांबली. एकदा ऐकून. पुरी झाल्यावर ती म्हणाली, "आपा, एकदा अजून," आणि दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर म्हणाली.  निघताना मी सलामाला वाकले तेव्हा अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचनात. टांगेवाला ओरडायला लागला तेव्हा काढला.

सबीहानं दिली का तुला? पाच दिवस राहिलेत रे.

बानो आपा


लखनौ, ९ फेब्रुवारी १९५९

बानो आपा,

घाईत लिहितोय, अक्षर गोड मानून घ्या.

सबीहानं सहजासहजी दिली असं वाटलं तुम्हाला? "उस्ताद म्हणा," म्हणाली. म्हटलं. "टोपी घालून बसा." बसलो. मग वेणीतला काळा धागा काढून माझ्या मनगटाला बांधला आणि गूळ-चणे भरवले. आपा, मी आपल्याच बायकोचा गंडाबंद शागिर्द आहे. हे कुणाला कळलं तर चौकातून जायची सोय नाही. आणि शिकवते कशी? बोटं सवयीनं त्या जागी जायची, तेव्हा ती आपला हात माझ्या हाताखाली सारायची. मेंदीच्या हातावर थाप कोण मारणार? चौथ्या दिवशी जागा रिकामी झाली.

काल दुपारी अंगणात चाळीसेक उस्ताद. पुढे दिल्लीचे बडे मियाँ, त्यांच्या डाव्या हाताला अब्बा, मागे खांबाला टेकून दुल्हाभाई. चिकाआड अम्मी आणि सबीहा. मी पाऊण तास वाजवलं. कायदे, रेले, सगळं नीट झालं, माना हलत होत्या. मग बडे मियाँ म्हणाले, "दादामियाँची काही आठवण आहे का घरात?"

कुणाची गत वाजवतो त्याचं नाव घेताना कान धरायचा. मी कान धरला आणि म्हणालो, "ही गत दादामियाँ..."

"थांब," अब्बा म्हणाले.

आपा, मला वाटलं, आता सगळ्यांसमोर पुन्हा कापड पसरतात. अब्बा उठून उभे राहिले. म्हणाले, "नाव नीट घे. दादामियाँनी बांधली, खरं आहे. मी दिली, तेही खरं. पण आमच्या सगळ्यांच्या हातून बिघडली, तेव्हा जिनं ती सांभाळली तिचं नाव घे."

मी कान धरूनच राहिलो. मैफलीत घरातल्या बाईचं नाव आजवर कुणी घेतलंय? तेव्हा अब्बांनी स्वतःचा कान धरला. ते फक्त दादामियाँच्या नावाला कान धरतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणाले, "शहरबानोची गत."

 मग मागून दुल्हाभाईंनी कान धरला. मग बडे मियाँनी. आणि मग सगळ्या पांढऱ्या दाढ्यांचे हात, आपा, एकेक करून कानाला गेले, तुमच्या नावाला.

मी वाजवली. तिसऱ्या ओळीत हात वर थांबला, तिथे कुणी "वाहवा" म्हणालं नाही. श्वासच घेतला नाही कुणी. आणि अब्बा पाणी प्यायला उठले नाहीत.

पगडी मिळाली. ही बातमी शेवटी सांगतोय यावरूनच काय ते समजा. दुल्हाभाईंनी ती माझ्या डोक्यावर सारखी केली आणि कानात म्हणाले, "आता वापरायची पाळी तुझी, नीट वापर." मला हसूही आलं आणि रडूही.

आता एक तातडीचं. आज सकाळी अब्बा चिकाशी जाऊन उभे राहिले आणि घसा साफ करून सबीहाला म्हणाले, "बेटी, तुझी परवानगी असेल तर मीही एकदा वाजवीन म्हणतो." सात वर्षांनी, आपा. सबीहानं आतून सांगितलं, "अब्बाजान, मी कालची आलेली. आपांना विचारून सांगते."

तेव्हा उलट टपाली लिहा. ते टोपी घालून तबल्यासमोर बसलेत.

तुमचा,
नफीस